अन्य इसम

“बोलवा की. मी हितंच हाय.”

एवढं म्हणून मामा बाकावर उजव्या पंजानं दोनदा थापटायचे. ‘हितंच’ म्हणजे नेमकं कुठं, याबद्दल समोरच्याच्या मनात शंका राहू नये म्हणून असावं. आमच्या तेर गावच्या बसस्टँडवर रसवंतीच्या पत्र्याखाली एक सिमेंटचा बाक आहे, त्याच्या डाव्या टोकाला ते बसत. गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही. मोबाईल त्यांच्याकडं नव्हता. “पाण्यात उतरताना ठिवू कुठं? कानात?” असं विचारून ते गप्प करायचे.

त्यांचा धंदा विहिरीत बुड्या मारण्याचा. आपल्याकडं विहिरीत काय काय पडतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. घागरी पडतात, मोटरी पडतात, करडं पडतात, हल्ली मोबाईलही पडतात. काही पडलं की कुणीतरी मोटारसायकलवर स्टँडला यायचं, लांबूनच हॉर्न वाजवायचं, आणि मामा पंचा खांद्यावर टाकून मागं बसायचे. एकदा एका म्हाताऱ्याची कवळी हसता हसता विहिरीत पडली. मामांनी ती काढून दिली, आधी स्वतःच्या पंच्यानं पुसली, आणि म्हणाले, “घ्या. आता बेतानं हसा.”

मी धाराशिवच्या कोर्टात टायपिस्ट. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. बसची वाट बघताना मामांच्या शेजारी बसणं हा माझा नित्यनेम होता. कधीमधी तेही कुठंतरी जायला बसमध्ये असत आणि मग बघण्यासारखं दृश्य असे. तळ न दिसणाऱ्या विहिरीत बिनघोर उतरणारा हा माणूस एसटीत पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट आवळून, डोळे मिटून बसायचा. मी चिडवायचो. “भाऊसाहेब,” ते डोळे न उघडता म्हणायचे, “पाण्याचा इतबार हाय. ह्या डायवरचा न्हाय.”

पण विहिरीत कधी कधी माणसंही पडतात. त्या दिवशी मामा वेगळे असत. काठावर बसून पंचा कमरेला आवळायचे, गर्दीला हातानं मागं सारायचे आणि पाण्याकडं वाकून हळू आवाजात म्हणायचे, “आलोय न्यायला. घाबरू नगा.” मग बुडी. त्यांच्या वडिलांची ही रीत होती. बुडालेलं माणूस खाली भेदरलेलं असतं, हाताला येईल ते धरून बसतं, आपलं कुणी न्यायला आलंय हे कळलं की सोडतं, असं ते मानायचे. मी एकदा ऐकताना हसलो होतो. त्यांनी रागावून नाही, पण जरा नवलानं माझ्याकडं बघितलं. “तुमास्नी कुनी अंधारात न्यायला आलं, तर बोलल्याबिगर जाल व्हय?”

प्रेत वर आणलं की ते तिथंच विहिरीवर अंघोळ करायचे आणि सरळ घरी चालत यायचे. त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. हीसुद्धा वडिलांचीच रीत.

आमच्या भागातल्या एका गावात एक तरणी सून संध्याकाळपासून दिसेना. रात्रभर शोधाशोध झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाला तरी मळ्यातल्या विहिरीची शंका आली. पाणी काळंशार, वरून काही दिसेना. मोटारसायकल स्टँडला आली. मामा गेले, बोलले, उतरले आणि पहिल्याच बुडीत तिला घेऊन वर आले. कपारीत अडकली होती. लोकांनी वाहवा केली, पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि मामा अंघोळ करून घरी आले.

पुढं पोलिसांनी तिच्या नवऱ्याला धरलं. भांडणात त्यानंच ढकललं, असा खटला उभा राहिला. मामा सरकारी पक्षाचे साक्षीदार झाले. त्यांनी सांगायचं एवढंच होतं, की प्रेत कुठं होतं आणि कसं होतं. योगायोगानं खटला आमच्याच कोर्टात आला. मामा पांढराशुभ्र सदरा घालून पिंजऱ्यात उभे राहिले आणि मला कॉम्प्युटरपुढं बघून त्यांचा चेहरा खुलला. “भाऊसाहेब, तुमी हितं बसता व्हय,” म्हणाले. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मी मान खाली घातली.

सरकारी वकिलांचं लवकर आटोपलं. मग आरोपीचे वकील उठले. हुशार माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत.

“पहिल्याच बुडीत प्रेत मिळालं?”

“व्हय.”

“विहीर मोठी आहे. पाणी काळं. ती नेमकी त्याच कपारीत आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

मामा विचारात पडले. “कळतं.”

“तेच विचारतो. कसं?”

“आता कसं सांगू, साहेब. हात जातो बगा तिकडं.”

“पाण्यात उतरण्याआधी तुम्ही काही बोललात?”

आपल्याला माहीत असलेलं काहीतरी विचारलं म्हणून मामांना बरं वाटलं. “व्हय तर. बोलावं लागतं.”

“कुणाशी?”

“तिच्याशी.”

“काय बोललात?”

“आलोय न्यायला, घाबरू नगा म्हन्लं.”

त्या घरचं पाणी का घेतलं नाही, असं वकिलांनी विचारलं. मामा म्हणाले, घेत न्हाय. लगबगीनं घरी का गेलात, असं विचारलं. मामा म्हणाले, जावं लागतं. मग वकिलांनी कागद खाली ठेवला आणि त्याच मऊ आवाजात सुचवलं, की प्रेत कुठं आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं, कारण तिला विहिरीत ढकलणारे तुम्हीच.

“आँ?” मामा म्हणाले. आणि त्यांनी वकिलांकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

उलटतपास टाइप कसा होतो हे ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रश्न कागदावर येत नाही. प्रश्न आणि उत्तर मिळून साक्षीदाराच्या तोंडचं एकच वाक्य होतं आणि जज्जसाहेब सांगतात तसं आम्ही ते बडवतो. त्या दिवशी मी बडवलं, ‘पाण्यात उतरण्यापूर्वी मी मयताशी बोललो, हे खरे आहे.’ त्याखाली, ‘मयताच्या घरचे पाणी मी घेतले नाही, हे खरे आहे.’ आणि शेवटी, ‘हे म्हणणे खरे नाही की, मयतास मीच विहिरीत ढकलले.’ खाली मामांची सही. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. सरकारी वकिलांनी फेरतपास नाही, म्हणजे आपल्याला परत काही विचारायचं नाही, म्हणून सांगितलं आणि पुकारा पुढच्या साक्षीदाराचा झाला.

जेवणाच्या सुट्टीत मामा बाहेर लिंबाखाली उभे होते.

“भाऊसाहेब, ती पडली त्या दिशी मी गावातच न्हवतो. तिकडं लोहारा गावाला मोटर काढाया गेलतो. मुक्कामी. दुसऱ्या दिशी सकाळी आलो. तितल्या मळ्यातली धा माणसं व्हती संगं. बोलवा की त्यास्नी.”

“मामा, आता नाही बोलवता येत. तुमची साक्ष झाली.”

“मग मला इचारायचं की, तू कुठं व्हतास म्हून.”

“तुम्ही आरोपी नाही. तुम्हाला काही सिद्ध करायचं नाही.”

“मी गुनेगार न्हाय, मग माजं नाव कशापायी घेतलं?”

“संशय तयार करायला. तेवढं पुरतं त्यांना.”

मामांनी लिंबाच्या खोडाला हात टेकला. “आन तो संशय खरा का खोटा, ते कंचं कोर्ट ठरवनार?”

कुठलंच नाही, हे मी त्यांना सांगितलं.

त्यानंतर मी ह्या गोष्टीवर पुष्कळ डोकं खाजवलंय. वकिलाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि पहिले काही दिवस मी त्या मनसोक्त घातल्या. पण खरं बोलायचं तर, उद्या माझ्या गळ्याला फास लागला आणि मी केलेलं नसलं, तर ‘मी नाही, तो बघा’ असं म्हणायची मुभा मला हवीच. ती नसेल तर निरपराध माणसानं सुटायचं कसं? कोर्टानं आरोपीचं तोंड दाबू नये, ह्या मताचा मी तेव्हाही होतो आणि आजही आहे. माझं दुखणं वेगळंय. बोट दाखवायला मुभा आहे, आणि ज्याच्याकडं बोट दाखवलं त्याला बोलायला जागा नाही. त्याला वकील नाही, साक्षीदार नाही, आणि त्याचा निकालही कधी लागत नाही. बोट दाखवू द्यायचंच असेल तर आधी काही आधार मागा, आणि त्या माणसाला एकदा परत बोलवून विचारा, बाबा तू कुठं होतास. एवढं केलं तर काही बिघडत नाही. पण टायपिस्टला कोण विचारतो?

निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन नवऱ्याला सोडलं. त्यानं केलं होतं का? मला माहीत नाही. पुरावा कच्चाच होता, कदाचित मामांचं नाव न घेताही तो सुटला असता. पण निकालपत्रात एक वाक्य होतं, ‘सदर कृत्य अन्य इसमाने केल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.’ ते पेपरात छापून आलं. मामा पेपर घेऊन बाकावर माझी वाट बघत होते.

“वाचा.”

मी वाचलं.

“अन्य इसम म्हंजी?”

“दुसरा कुणीतरी.”

“कंचा?”

“नाव नाही लिहिलेलं, मामा.”

“नाव न्हाय,” ते म्हणाले, “मग सकाळपासून समदी माज्याकडंच का बगाय लागलीत?”

त्या दिवसापासून हॉर्न वाजायचा कमी झाला. कुणी मामांना तोंडावर बोललं नाही. आमच्याकडं तोंडावर बोलण्याची पद्धतच नाही. मोटर पडली तर लोक लातूरहून माणूस आणू लागले. “तुमास्नी कशाला तरास ह्या वयात,” असं मामांना सांगू लागले. बाकाची उजवी बाजू रिकामी राहायची आणि दुसऱ्या बाकावर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटीनं बसायची. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “बोलवा की. मी हितंच हाय.” पूर्वी ते धंद्याचं बोलणं होतं. आता ऐकवत नसे.

बायको कधीच वारलेली. एकुलती एक लेक नळदुर्गला दिलेली. पंचमीला तिला आणायला गेले. आणायला जायचं म्हणून नवा पंचा घेतला होता. संध्याकाळच्या बसमध्ये धाराशिवला भेटले ते एकटेच. दांडा दोन्ही हातांनी धरलेला, डोळे मिटलेले.

“लेक नाही आली?”

“सासू म्हन्ली, आवंदा नगं. लोकं काय बाय बोलत्यात.” थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, “चा दिला पर. चा चांगला व्हता.”

पुढच्या उन्हाळ्यात तेरणेच्या बंधाऱ्यात कॉलेजचा एक पोरगा बुडाला. रविवार होता, मीही गेलो. लातूरचा माणूस यायला वेळ लागणार होता, म्हणून पोलिसांनीच मामांना बोलावलं. पोराची आई काठावर बसली होती. रडत नव्हती, नुसती पाण्याकडं बघत होती. मामांनी पंचा आवळला आणि काही न बोलता उतरले. मी ते ‘आलोय न्यायला’ची वाट बघत होतो. ते आलंच नाही. पहिल्या बुडीत रिकामे वर आले. दुसऱ्या बुडीतही रिकामे. लोक कुजबुजले, म्हातारा थकला आता. तिसऱ्या बुडीत पोरगं वर आलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीला टेकून बसले होते.

“पयल्याच बुडीत गावला व्हता,” मी न विचारता म्हणाले.

“मग?”

“सोडून वर आलो. पयल्या बुडीत आनला तर इचारतील, कसं कळलं म्हून.” त्यांनी पंच्याचं टोक तोंडाला लावलं. “आन बोललो बी न्हाय त्याच्याशी. बोललं की लिवून घेत्यात. तिकडं त्याची माय बसली व्हती, भाऊसाहेब. आन मी तिच्या ल्येकराला अंधारात सोडून दोनदा वर आलो.”

मी मामांना रडताना तेव्हा पाहिलं. त्यानंतर ते कधीच पाण्यात उतरले नाहीत. लातूरच्या माणसालाच बोलवा, असं स्वतःच सांगू लागले.

आणखी एक प्रसंग सांगतो आणि आवरतो. एके दिवशी स्टँडवर सुटलेला तो नवरा आला. बस बदलायला उतरला असावा. मामांना बघून थबकला, मग सरळ येऊन पाया पडला. मी शेजारीच होतो.

“मामा, मनात काय ठिवू नका. वकिलानं तसं लढवलं. मला ठाव हाय, तुमी न्हवता.”

मामांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी उजळलेला पाहिला मी तो.

“मग येवढं एकदा सांग की बाबा. तुज्या गावात, चार माणसांत. मामा न्हवता म्हून. बास.”

तो चपलेनं माती उकरत राहिला. “कसं सांगू, मामा?” शेवटी म्हणाला. “तुमी न्हवता म्हन्लं, तर मग कोन, असं इचारतील.”

मामांनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भडकतील. पण त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. “व्हय,” म्हणाले. “तेबी खरंच. जा, गाडी लागली तुजी.” तो गेल्यावर त्यांनी बाकावर दोनदा थापटलं, पण बोलले काही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्टँडला निघालो तर मामांच्या घरापुढं गर्दी दिसली. दार उघडं होतं. दार ते रात्रीही लावत नसत, कुणी बोलवायला आलं तर दिसायला हवं म्हणून. दारातूनच बाज दिसत होती. बाजेवर मामा आडवे होते आणि हात खाली लोंबत होता. उंबऱ्यावर दुधाची पिशवी तशीच पडली होती.

“काय झालं?”

“मामा उठंनात,” एकजण म्हणाला.

“आत गेलं का कुणी?”

सगळे आपापल्या पायांकडं बघू लागले. इतकी माणसं होती. ज्यांच्या मोटरी, घागरी, पोरं मामांनी वर काढली होती, तीही होती. उंबरा कुणी ओलांडला नव्हता. शेवटी शेजारचे एक म्हातारे माझ्या कानाशी लागले. “पयलं कोन आत गेलं, तेला इचारत्यात, भाऊसाहेब. मामाचंच बगा की.”

मला असा संताप आला की ओठांवर शिवी आली. पण ती कुणाला घालायची? भिऊन उभी होती सगळी. मीही क्षणभर उंबऱ्याशी थांबलो, हे लपवत नाही. मग चप्पल काढली आणि आत गेलो.

खुंटीवर पंचा होता, कोरडा ठणठणीत. मी बाजेशी बसलो. लोंबता हात उचलून छातीवर ठेवला. तो गार होता. रात्रीच कधीतरी गेले असावेत, एकटेच. काय करावं सुचेना, आणि मग जे सुचलं ते केलं. त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, “मामा, आलोय न्यायला. घाबरू नका.”

मी परत एकदा म्हणालो, जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पोलीस पाटील आले. उंबऱ्यापाशीच उभे राहून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि गर्दीकडं बघून विचारलं, “पयलं कुनी बगितलं?”

“मी,” म्हणालो. “लिहून घ्या. आत पहिला मी गेलो, हात मी लावला, आणि बोललो त्यांच्याशी, तेही लिहा. काही विचारायचं असेल तर बोलवा. मी इथंच आहे.”